दवाखान्यासमोर उभी असलेली मोटार

आपल्या व्यवसायाला जाहिरात वर्ज्य आहे. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली जी आचारसंहिता घालून दिली तिच्यात डॉक्टराच्या पाटीचासुद्धा विचार केलेला आहे. पाटी अवाजवी मोठी नसावी, तिच्यावर नाव, पदवी, विशेष विषय आणि नोंदणी क्रमांक यांपलीकडे मजकूर नसावा, औषधाच्या दुकानावर किंवा आपण जिथे बसतच नाही अशा जागी ती लावू नये, इतके बारकावे तिच्यात आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी नियमावली जाहीर झाली, पण तीन आठवड्यांच्या आतच ती स्थगित झाली आणि २००२ ची नियमावली पुन्हा लागू झाली. म्हणजे आपली पाटी आजही त्या जुन्या बंधनातच आहे. परंतु पाटीपासून चार पावलांवर, दवाखान्याच्या फाटकाशी उभी असलेली आपली मोटार किती मोठी असावी, तिच्या तोंडावर कोणत्या कंपनीचे चिन्ह चमकावे, याविषयी नियमावली मौन पाळते. ते योग्यच आहे. मोटारीवर नियम करणारी परिषद कोणालाच नको असेल. तरी माझे असे स्पष्ट मत झाले आहे की, डॉक्टराची खरी पाटी आता भिंतीवर राहिलेली नाही. ती चार चाकांवर उभी असते, आणि रुग्ण ती आधी वाचतो.

हा विषय सुचायला आपल्या मंडळातील गप्पाच कारणीभूत झाल्या. हल्ली आपल्या तरुण सभासदांत ‘फार डोळ्यांत न भरणारी, पण जाणकाराला कळावी’ अशी मोटार घेण्याची आवड वाढते आहे. लाल रंग नको, मोठे चिन्ह नको, पण आत बसल्यावर मात्र काय ते कळावे. आमच्या पिढीला ही भाषा ऐकून बरे वाटते. पोरे शहाणी झाली, भपका सुटला, असे आम्ही म्हणतो. मला मात्र हे प्रकरण इतके सरळ वाटत नाही, आणि ते का वाटत नाही हे सांगण्यासाठी हैदराबादइतके सोयीचे गाव दुसरे नाही.

कारण याच शहरात एका गादीवर लागोपाठ दोन अशी माणसे बसली, की संपत्ती दाखविण्याची आणि झाकण्याची दोन टोके व्हावीत. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचा कपड्यांचा भांडारखाना पुरानी हवेलीत आजही पाहायला मिळतो. लांबच लांब लाकडी कपाटांच्या त्या दोन मजली दालनातून चालता चालता पाय दुखू लागतात. याच महबूब अलींनी रोल्स रॉइस कंपनीकडे सिल्व्हर घोस्ट जातीची एक पिवळी मोटार बनवायला सांगितली. सिंहासनासारखे उंच आसन, सोन्याच्या मुलाम्याचे नक्षीकाम, वर घुमट. मोटार म्हणण्यापेक्षा चाके लावलेली अंबारी म्हणावी असे ते वाहन. ते इंग्लंडहून येण्यापूर्वीच, १९११ च्या ऑगस्टमध्ये, महबूब अली वारले. मोटार मुलाच्या, म्हणजे मीर उस्मान अली खान यांच्या वाट्याला आली आणि समारंभापुरती बाहेर निघत गेली. एवढ्या वर्षांत ती धावली म्हणे काही शे मैल. चौमहल्ला राजवाडा पाहायला गेलात तर जुन्या मोटारी ठेवल्या आहेत त्या बाजूला जरूर जा; मुलांना घेऊन जा.

उस्मान अलींची गोष्ट याच्या नेमकी उलट. २२ फेब्रुवारी १९३७ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र जगातील सर्वांत धनाढ्य पुरुष म्हणून झळकले. त्याच काळात या शहरात त्यांच्या विटलेल्या टोपीच्या, चुरगळलेल्या शेरवानीच्या आणि जुनाट मोटारीच्या हकिकती घरोघर सांगितल्या जात होत्या. जेकब हिरा त्यांनी कागदावर ठेवायचे वजन म्हणून वापरला, ही गोष्ट तर सर्वांना ठाऊकच आहे. यांतील तिखटमीठ किती आणि खरे किती हे वेगळे करणे अवघड आहे. हैदराबादी हकिकतींचा तो गुणच आहे. १९६५ च्या युद्धानंतर निजामाने देशाला पाच टन सोने दान दिले असे आपण सारे ऐकत आलो; प्रत्यक्षात त्यांनी ४२५ किलो सोने राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत साडेसहा टक्के व्याजाने गुंतविले होते, हे सरकारी कागदांवरून पुढे स्पष्ट झाले. रोल्स रॉइसमधून शहराचा कचरा वाहिला, ही दुसरी लाडकी कथा. ती अलवारच्या राजाविषयी सांगतात, भरतपूरच्या सांगतात, पतियाळाच्या सांगतात आणि आपल्याकडे निजामाच्या नावावर खपवितात. एकच कथा चार संस्थानांत सापडली, की ती कुठेच घडली नसावी असे समजायला हरकत नाही.

निजामाचे नाव निघाले की मराठी माणसाच्या मनात आधी १९४८ येते, रझाकार येतात, हे मी विसरलेलो नाही. आपल्यापैकी कित्येक घरांत त्या दिवसांच्या आठवणी अजून जिवंत आहेत, आणि त्या तशाच राहोत. इथे मी राजाविषयी बोलत नाही, त्याच्या टोपीविषयी बोलतो आहे. ती विटलेली टोपी लोकांनी साधेपणा म्हणून पाहिली की कंजुषी म्हणून, यावर या शहराचे एकमत कधीच झाले नाही. पण ती टोपी त्यांना शोभली, निदान खपली, याचे कारण एकच: टोपीखालचा माणूस कोण हे प्रत्येकाला ठाऊक होते. तीच टोपी घालून सुलतान बाजारातला एखादा कारकून निघाला असता तर तिला साधेपणा कोणी म्हटले नसते. गरिबी म्हटले असते. झाकलेल्या संपत्तीची सगळी मौज ती असल्याचे आधीच जगजाहीर असण्यावर उभी असते. ज्याचे नाव चालत नाही त्याला हा साधेपणा परवडत नाही. आपल्या तरुण डॉक्टरांची अडचण इथेच आहे, तिच्याकडे मी पुढे येतो.

मधला एक काळ असा गेला की हा प्रश्न उद्भवलाच नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे कुर्ल्याहून फियाट गाड्या देशभर जाऊ लागल्या. बंगालमधील उत्तरपाड्याहून १९५७ पासून अँबॅसिडर येऊ लागली. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड हा तिसरा पर्याय. संपले. मोठा जमीनदार आणि मध्यम डॉक्टर एकाच गाडीत बसत, एकाच प्रतीक्षायादीत नाव घालत आणि एकाच प्रकारे उतारावर गाडी ढकलून चालू करीत. श्रीमंतीचा फरक दाखवायचा तर आसनांवरची पांढरी टर्किशची टॉवेले आणि खिडक्यांचे पडदे एवढाच वाव होता. काचीगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा या आपल्या भागांत त्या काळी व्यवसाय केलेल्या डॉक्टरांच्या साधेपणाचे गोडवे आपण स्मरणिकांतून नेहमी गातो. त्यांच्याविषयी मला पूर्ण आदर आहे. परंतु त्यांच्या फियाट गाडीला त्यांच्या विरक्तीचे प्रमाणपत्र समजण्याचे कारण नाही. परवाना-पद्धतीने सर्वांनाच विरक्त करून ठेवले होते. त्यांची खरी परीक्षा तपासणीच्या शुल्कात होती, रात्री दोन वाजता उठून जाण्यात होती, आणि तिथे ते उत्तीर्ण झाले म्हणून त्यांची नावे अजून निघतात.

दार उघडले ते डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ने थोडेसे, आणि १९९१ नंतर पुरते. १९९५ पासून पुण्याजवळ पिंपरीत मर्सिडीज जुळविली जाऊ लागली. २००१ साली औरंगाबादजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाला, आणि काही वर्षांतच त्याच आवारात ऑडीही तयार होऊ लागली. या शेंद्र्याच्या कारखान्याकडे मी नेहमी कौतुकाने पाहतो. एकाच जर्मन उद्योगसमूहाच्या दोन मोटारी एकाच छपराखालून बाहेर पडत. कामगार तेच, नियम तेच. एकीच्या तोंडावर पंख असलेला बाण, दुसरीच्या तोंडावर चार कडी. ‘सुपर्ब’ नावाची मोठी स्कोडा ऐसपैस जागेला, शांत चालीला कुणाला हार जाणारी नव्हती. पण लग्नाच्या मांडवासमोर ती थांबली तर मंडळी वळून पाहत नसत. काहींनी ती नेमकी म्हणूनच घेतली. आपल्या मंडळातही अशा दोनतीन गाड्या होत्या, आणि मालक मंडळींना त्यांच्या निवडीचा किती अभिमान होता ते त्यांना ‘का घेतली’ असे विचारल्यावर कळे. अर्धा तास मोडे.

त्याच औरंगाबादने ऑक्टोबर २०१० मध्ये दुसरी बाजूही दाखविली. शहर आता छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. १९४८ पर्यंत ते आपल्या या हैदराबाद संस्थानातच होते, म्हणून ते मला परके वाटत नाही. तेथील उद्योजक, व्यावसायिक आणि काही डॉक्टर अशा मंडळींनी गट करून एकदम सुमारे दीडशे मर्सिडीज खरेदी केल्या. सगळा व्यवहार ६५ कोटींच्या घरात होता. त्यातील बराचसा भाग स्टेट बँकेने सात टक्के व्याजाने कर्जाऊ दिला. ‘आमचे शहर मागासलेले नाही, इथे पैसा आहे, गुंतवणूकदारांनी यावे’ हे जगाला कळावे असा त्यामागे हेतू सांगितला गेला. बातमी खरोखरच जगभर गेली. त्या वर्षाअखेरीस पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये याच जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचे कर्ज त्याच्या शेजारी ठेवून दाखविले, ट्रॅक्टरच्या व्याजाचा दर मर्सिडीजच्या दुपटीहून अधिक होता.

त्या दीडशे जणांना नावे ठेवणे फार सोपे आहे, आणि तेवढ्यासाठी मी हे आठवले नाही. त्यांच्या बाजूनेही काही बोलता येईल. त्यांनी निदान जे केले ते उघड्यावर, दिवसाढवळ्या, वाजतगाजत केले. हेतू जाहिरातीचा आहे असे तोंडाने सांगितले. साधी दिसणारी महाग मोटार घेणारा माझा मित्र आपला हेतू असा कधी सांगणार नाही, कदाचित स्वतःशीही नाही.

परदेशात या कलेने पुष्कळ वरची पायरी गाठलेली आहे. जपानमध्ये टोयोटाची ‘सेंच्युरी’ नावाची मोटार आहे. टोयोटा समूहाचे आद्यपुरुष साकिची टोयोडा यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, १९६७ साली ती निघाली. बाहेरून पाहिली तर एखाद्या सरकारी खात्याची गाडी वाटावी. तिच्यावर टोयोटाचे नेहमीचे चिन्ह नाही, एक छोटा पौराणिक पक्षी आहे. आसनांना कातडे न लावता लोकरीचे कापड लावण्याची तिची परंपरा; कातड्याची करकर होते, ती मालकाच्या कानांवर येऊ नये हा विचार. १९९७ च्या आवृत्तीत बारा सिलिंडरचे इंजिन होते आणि ते चालू आहे की बंद हे कळू नये इतके ते मुके होते. जर्मनीत मोटार मागविताना मागच्या बाजूचा मॉडेलचा आकडा लावू नका असे सांगता येते, आणि तसे सांगणाऱ्यांत साधी गाडी घेऊन मोठ्या गाडीचा भास करणारेही असतात, सर्वांत महाग गाडी घेऊन साधीचा भास करणारेही असतात. आकडा नसला की दोघांचीही सोय होते. फोक्सवॅगनने २००२ साली ‘फेटन’ काढली: ड्रेस्डेनच्या काचेच्या कारखान्यात, हवे तर बारा सिलिंडरची, पण दिसायला त्यांच्याच नेहमीच्या मोटारीची मोठी बहीण. ती उत्तम होती असे जाणकार म्हणत. २००६ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून तिला परत यावे लागले आणि २०१६ मध्ये ती बंद झाली. एवढे पैसे देऊन शेजाऱ्याला काहीच कळणार नसेल तर देऊ कशाला, असा विचार करणारे गिऱ्हाईक संख्येने जास्त निघाले.

२०१० मध्ये ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’ या नियतकालिकात तीन संशोधकांनी एक गमतीची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी हातपिशव्या, जोडे आणि मर्सिडीज मोटारी तपासल्या. निष्कर्ष असा, की कंपनीचे चिन्ह जितके मोठे तितकी त्या कंपनीतली वस्तू स्वस्त. मोटारीवरची ती तीन टोकांची चांदणी महाग गाडीवर लहान होत जाते. ज्यांच्याकडे संपत्ती मुरलेली आहे ते एकमेकांना पुरेल एवढीच खूण ठेवतात, ज्यांच्याकडे नुकतीच आली आहे ते सर्वांना दिसेल अशी ठेवतात. हैदराबादेत यासाठी पाहणीची गरज नव्हती. ‘खानदानी रईस’ आणि ‘नवदौलती’ हे दोन शब्द इथे फार पूर्वीपासून चालत आहेत. तात्पर्य एवढेच की लहान खूणही खूणच असते. आवाज कमी केलेला असतो, बोलणे थांबलेले नसते. श्रोते फक्त निवडून घेतलेले असतात.

(या शहरातील एक खास प्रकार सांगायचा राहिला. राखी रंगाची, चिन्ह काढून टाकलेली, अत्यंत सोज्वळ गाडी असते आणि तिच्या पाटीवर आकडा असतो ९९९९. खैरताबादच्या परिवहन कार्यालयात या आकड्यासाठी लाखो रुपयांची बोली लागते. सोज्वळपणाला दृष्ट लागू नये म्हणून ही तीट असावी.)

आपल्या व्यवसायातले श्रोते कोण? प्रश्न इथे येऊन ठेपतो, आणि मला तो मोटारीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. नांदेड, लातूर, परभणी, बीदर, आदिलाबादकडून रोज माणसे या शहरात औषधोपचारासाठी येतात. सीमा १९५६ साली बदलल्या, रोग्यांच्या वाटा बदलल्या नाहीत. काचीगुड्याला पहाटे गाडीतून उतरलेले मराठवाड्याचे कुटुंब सात वाजता दवाखान्याच्या पायऱ्यांवर येऊन बसते. डॉक्टर दहाला येणार. तीन तास समोर पाहण्यासारखे काय असते? रिकामी जागा, आणि मग तिच्यात येऊन थांबणारी मोटार. बरोबरचा पुतण्या चालकाला हळूच किंमत विचारतो. चालक अभिमानाने सांगतो, क्वचित थोडी वाढवूनही सांगतो. तो आकडा आणि आपल्या शस्त्रक्रियेचा अंदाजित खर्च हे दोन आकडे त्या कुटुंबाच्या मनात शेजारीशेजारी मांडले जातात. त्या घरातले कोणी एक एकर विकून आलेले असते, कोणी बायकोच्या पाटल्या मोडून.

या रुग्णाला लोकरीचे आसन कळत नाही, बारा सिलिंडर कळत नाहीत. तेव्हा जाणकारांपुरती कुजबुज करणारी महाग मोटार त्याच्यासमोर खरोखरच साधी ठरते असे कोणी म्हणेल. चालक गप्प बसला तर ठरतेही. आणि मला मान्य केले पाहिजे, की रुग्णाचा जीव दुखवू नये म्हणून गाडी मागच्या गल्लीत लावणारे सहकारी मी पाहिले आहेत. त्यांच्या मनातील संकोच खरा होता. पण एक दुसराही रुग्ण आहे, आणि तरुण डॉक्टर मला त्याच्याविषयी सांगतात. तो मोटार पाहून धीर धरतो. ‘एवढी मोठी गाडी आहे, म्हणजे हाताला गुण असणार,’ असे तो मानतो. माधापूर-कोंडापूरकडे नव्याने दवाखाना काढलेल्या एका सहकाऱ्याने मला विचारले, “सर, तुमचे नाव चाळीस वर्षांचे आहे, तुम्ही जुन्या गाडीतून आलात तर लोक साधे म्हणतात. मी आलो तर लोक म्हणतात, याचे चालत नसावे. मग मी काय करू?” निजामाच्या टोपीचा आणि कारकुनाच्या टोपीचा जो फरक वर सांगितला तो हाच. या प्रश्नाला ‘साधी राहणी, उच्च विचारसरणी’ हे उत्तर देणे मला निर्दयपणाचे वाटले, म्हणून मी दिले नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे. मोटार बाहेरच्यांना काय सांगते याचा ऊहापोह आपण फार करतो. ती डॉक्टरला आत, तपासणीच्या खोलीत, काय सांगते याचा कमी करतो. उदाहरणादाखल हिशेब मांडू. पन्नास लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, सात वर्षे मुदत: महिन्याचा हप्ता सुमारे ८० हजार. तपासणीचे शुल्क ५०० रुपये धरले तर महिन्याला १६० रुग्ण, म्हणजे पंचवीस दिवस दवाखाना उघडा असेल तर रोजचे पहिले सहा-सात रुग्ण मोटारीचे. जागेचे भाडे, परिचारिकेचा पगार, वीज, प्राप्तिकर हे सगळे आठव्यापासून सुरू होणार. सनदी लेखापाल घसाऱ्याची सवलत समजावून सांगतात, ती आहेही. पण घसारा वजा करायला आधी उत्पन्न लागते. बारा लाखांच्या कर्जाला याच दराने दीड-दोन रुग्ण पुरतात. यात कंपनीचे चिन्ह मोठे की लहान, रंग लाल की राखी, याने एका रुपयाचा फरक पडत नाही. मुकी मोटार हप्ता तेवढाच मागते.

आणि सातवा रुग्ण आला नाही त्या दिवशी? डोके दुखते म्हणून आलेल्या तिसऱ्या रुग्णाचा एमआरआय करावा की चार दिवस वाट पाहावी, या निर्णयात शास्त्राला जेवढी जागा असते तेवढीच शंकेलाही असते. ती शंकेची जागा फार नाजूक आहे. तिथे हप्ता येऊन बसला तर तो दिसत नाही, आवाज करीत नाही. डॉक्टरला स्वतःलाही कळत नाही. २००२ च्या त्याच आचारसंहितेने रुग्ण पाठविल्याबद्दलचे कमिशन निषिद्ध मानले आहे, २००९ च्या दुरुस्तीने औषध कंपन्यांच्या भेटवस्तू आणि सहली बंद केल्या. दोन्ही कलमे पैसा घेण्याविषयी आहेत. पैशाची गरज कशी निर्माण होते याविषयी कलम नाही, असूही शकत नाही. अप्रामाणिक माणसाला मोटारीची गरज लागत नाही, तो कशानेही बिघडतो. मी चांगल्या, अभ्यासू, रात्री जागणाऱ्या मुलांविषयी बोलतो आहे. बत्तिसाव्या-तेहतिसाव्या वर्षी शिक्षण संपते, अंगावर शिक्षणाचे कर्ज असते, यंत्रांचे कर्ज येते, घराचे येते, आणि त्यावर ही मोटार. आपल्याकडे ऋण काढून सण करू नये असे म्हणतात. इथे सण सात वर्षे चालतो.

म्हणून कोणी मला कोणती मोटार घेऊ असे विचारले तर मी रंग आणि चिन्ह यांविषयी मत देत नाही. ज्याचे उत्पन्न मुरलेले आहे, ज्याच्या मोटारीला रुग्णाकडे पाहावे लागत नाही, त्याने हवी ती घ्यावी. लाल घ्यावी, उघड्या टपाची घ्यावी. मनुष्याने आवडीची वस्तू वापरू नये असे मी कधी मानले नाही, आणि साधेपणाचा पोलिसी पहारा मला भपक्याइतकाच नावडतो. एवढी मात्र विनंती करतो, की काचेवरचा तो लाल क्रॉस काढून टाका. १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने ते चिन्ह रेड क्रॉस संस्था आणि सैन्याच्या वैद्यकीय सेवेसाठी राखून ठेवलेले आहे. तुमच्या-माझ्या गाडीवर ते लावणे हा गुन्हा आहे. मंत्र्यांच्या डोक्यावरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले, आपला क्रॉस अजून उतरायचा आहे.

वरचा हिशेब मी त्या माधापूरच्या सहकाऱ्यालाही कागदावर करून दाखविला. त्याने तो शांतपणे पाहिला आणि म्हणाला, “सर, बँकेच्या माणसाने मला हाच हिशेब दाखवला होता. फक्त उलट्या बाजूने. रोज एवढे रुग्ण येतात ना, मग एवढे कर्ज सहज बसते, असे तो म्हणाला.” कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. मोटार अद्याप घेतलेली नाही. घेणार नाही असेही त्याने म्हटलेले नाही.